खाऊच्या दुकानातली मोकळी जागा

पुण्या-मुंबईत गेल्या काही वर्षांत खाण्यापिण्याच्या दुकानांचा एक नवा तोंडवळा रुळलाय. मातकट रंगाचा गिलावा, लांबलचक दगडी काउंटर, त्यावर मोजके पाव किंवा केक, कोपऱ्यात सुक्या काड्यांची फुलदाणी आणि बाकी नजर जाईल तिथे मोकळं. मला ही दुकानं मनापासून आवडतात. रस्त्यावरचे हॉर्न, फ्लेक्स आणि पळत्या एलईडीच्या पाट्या यांच्या माऱ्यातून आत शिरलं की डोळे टेकवायला जागा मिळते, हे सुख काही खोटं नाही.

मी लहान दुकानांच्या आतल्या मांडणीचं काम करते. मिठाईवाले, बेकरीवाले, दूधदही, घरगुती फराळ अशी सगळी खाण्याचीच दुकानं. हल्ली जवळजवळ प्रत्येक मालक फोन पुढे करतो, एखादा फोटो दाखवतो आणि म्हणतो, "मॅडम, असं शांत पाहिजे." त्या फोटोत बहुतेक वेळा माणूस नसतो. गल्ला नसतो, वजनकाटा नसतो, झाडू नसतो, पंधरा किलोचा तेलाचा डबा तर नसतोच. दुकान उघडायच्या आदल्या दिवशी काढलेला तो फोटो असतो. मी मालकाला विचारते, तेलाचा डबा कुठे ठेवायचा? तिथून आमचं खरं बोलणं सुरू होतं.

अगदी कमीत कमी वस्तूंत दुकान उभं करण्याचा एक टोकाचा प्रयोग लंडनला झाला. फुलहॅम रोडवर १९८८ मध्ये जॉन पॉसन आणि क्लाउडिओ सिल्व्हेस्ट्रिन यांनी कॅनेल नावाचं केकचं दुकान केलं. रस्त्याकडची दर्शनी बाजू धुरकट काचेची, आतलं काही दिसू न देणारी. त्या काचेत स्वच्छ काचेची एक लहान चौकोनी पेटी आणि पेटीत फक्त केक. दुकानाची जाहिरात म्हणा, पाटी म्हणा, तेवढीच. पॉसन तरुणपणी काही वर्षं जपानात राहिले होते आणि शिरो कुरामाता या डिझायनरचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. एक वस्तू आणि तिच्याभोवती भरपूर मोकळी हवा, ही नजर त्यांनी तिकडूनच कमावली असं मला वाटतं. मी ते दुकान फोटोतच पाहिलं आहे. धाडस मोठं आहे, प्रमाणबद्धता देखणी आहे. तरी तो फोटो पाहताना दरवेळी वाटतं की यातला केक दागिना झालाय. तो भूक जागी करत नाही, खिशाची आठवण करून देतो. सराफाच्या पेढीवर ते चालतं. खाऊच्या दुकानात माणसाने न बिचकता शिरलं पाहिजे.

माझा जीव जडलाय तो त्याच्या कितीतरी आधीच्या एका कॅफेवर. व्हिएन्नात १८९९ मध्ये आडोल्फ लोस या वास्तुविशारदाने कॅफे म्युझियम केलं. आजूबाजूला वेलबुट्ट्यांचा, सोनेरी पानाफुलांचा जमाना होता आणि याने भिंती साध्या ठेवल्या, खुर्च्या साध्या ठेवल्या. लोकांनी त्याला 'कॅफे निहिलिझमस' असं टोपणनाव दिलं, म्हणजे काहीच न मानणाऱ्यांचं कॅफे. त्यातली एक गोष्ट मी माझ्या इलेक्ट्रिशियनला दर कामावर सांगते. वीज तेव्हा नवी होती आणि तारा न्यायच्या कुठून हा प्रश्नच होता. लोसने कमानदार छतावरून पितळी पट्ट्या नेल्या आणि वायरिंग त्यांच्यावर सोपवलं. छताला तेवढीच शोभा. आपल्याकडे आधी फॉल्स सीलिंग होतं, मग त्याला भोकं पडतात, मग एसीची नळी आडवी येते, मग ती झाकायला खोटी तुळई येते. तारेची वाट पहिल्या दिवशी ठरली तर पुढचं सगळं झाकणं-लपवणं टळतं.

अशी शांत जागा पाहायला आपल्याला व्हिएन्नाला जावं लागत नाही. मुंबईत धोबी तलावाला जेर महालात कयानी हे इराणी हॉटेल आहे, १९०४ पासून. बॅलार्ड इस्टेटीत ब्रिटानिया आहे, १९२३ पासून. इराण्याच्या हॉटेलात शिरलं की आपला आवाज आपोआप खाली येतो, हा अनुभव पुष्कळांनी घेतला असेल. वस्तू कमी आहेत म्हणावं तर तसंही नाही. बरण्या आहेत, आरसे आहेत, पाट्या आहेत, घड्याळ आहे, भिंतीवर तसबिरी आहेत. मग शांत का वाटतं? माझं उत्तर असं, की तिथली प्रत्येक वस्तू कामाला जुंपलेली आहे आणि तिची जागा वर्षानुवर्षं हललेली नाही. टेबलावर संगमरवर आहे, कारण चहा सांडला की एका फडक्यात पुसला जातो. छत उंच आहे, कारण बिडी-सिगारेटचा धूर आणि भटारखान्याची वाफ वर जायला हवी होती. पुष्कळ इराणी कोपऱ्यावर बसले, कारण कोपऱ्याची जागा हिंदू व्यापारी अशुभ मानून सोडून देत, असं सांगतात. कारण काहीही असो, कोपऱ्यामुळे दोन रस्त्यांचा उजेड आणि आरपार वारा मिळाला. नुसत्या दिव्यांनी तसा उजेड आणता येत नाही.

आणि त्या खुर्च्या. वाफेवर लाकूड वाकवून केलेल्या, वेताच्या किंवा लाकडी बैठकीच्या. या जातीच्या खुर्च्यांची मूळ पणजी म्हणजे मिखाएल थोनेटची १८५९ सालची १४ नंबरची खुर्ची. सहा लाकडी तुकडे, दहा स्क्रू, दोन नट, संपली खुर्ची. सुटे भाग करून एका घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या बसत आणि बोटीने जगभर जात. लोसच्या व्हिएन्नातल्या कॅफेत वाकवलेल्या लाकडाच्याच खुर्च्या होत्या आणि आपल्या इराण्यांकडेही त्याच घराण्यातल्या युरोपातून आल्या. स्वस्त, हलकी, सांधा ढिला झाला तर पेचकस फिरवून पुन्हा घट्ट होणारी. एका हाताने उचलून फरशी पुसता येते. कुणी सजावट म्हणून ती निवडली नव्हती, आणि आज शंभर वर्षांनी तीच सगळ्यात देखणी दिसते.

आता आवाजाबद्दल बोलते, कारण शांतता म्हटलं की लोक रंगच बघतात आणि कान विसरतात. नव्या पद्धतीच्या दुकानात दुपारी तीन वाजता बसा, छान वाटेल. संध्याकाळी सात वाजता बसा. समोरच्याचं बोलणं ऐकायला पुढे वाकावं लागतं. ग्राइंडर, कपबशा, चार टेबलांवरच्या गप्पा, सगळं एकमेकांत मिसळून अंगावर येतं. काच, सिमेंट, घोटलेला दगड यांच्यावर आदळलेला आवाज जवळजवळ सगळाच परत येतो, जेमतेम दोन-तीन टक्के शोषला जातो. हार्वर्डमध्ये १८९०च्या दशकात वॉलेस सेबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाने याचं गणित बसवलं. एका सभागृहात व्याख्यान ऐकूच येत नसे. तो रात्री दुसऱ्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून मांडायचा आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचा. गाद्या वाढल्या की घुमणं कमी. खोली जेवढी मोठी तेवढं घुमणं जास्त आणि मऊ वस्तू जेवढ्या जास्त तेवढं कमी, हे त्याचं सूत्र आजही आम्ही वापरतो.

हे वाचलं तेव्हा मला जुन्या मोंढ्यातली किराणा-भुसाराची दुकानं आठवली. मालक गादीवर लोडाला टेकून, भोवती तांदूळ-डाळीची पोती, मागे गोणपाटाचे ढीग. बाहेर हमालांचा आरडाओरडा चालू असला तरी आत हळू बोललेलं ऐकू येई. ती पोतीच आवाज पीत होती! आम्ही पोती काढली, गाद्या काढल्या, दगड घासून चकचकीत केला आणि मग म्हणतो की दुकान शांत आहे. म्हणून मी आता छताला लाकडाच्या भुश्या-तंतूंचे सिमेंटात दाबलेले तक्ते लावते, भिंतीच्याच रंगात रंगवून. फोटोत ते दिसत नाहीत. कापडी पडदे खाण्याच्या दुकानात मी टाळते, तळणाचा वास आणि तेलाचा चिकट थर त्यात बसतो. बाकाला मात्र पाठ आणि गादी देते, काढून धुता येईल अशा अभ्र्याची.

दिव्यांचं थोडक्यात. उजेडाची छटा केल्विनमध्ये मोजतात. ६५०० केल्विनच्या निळसर पांढऱ्या ट्यूबखाली केशरी पेढा आजारी दिसतो आणि अगदी पिवळ्या दिव्याखाली कालचा पेढा आजचा दिसतो. दोन्ही नको. ३००० ते ३५०० केल्विन आणि सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, नव्वदच्या वर असा दिवा घेतला की पदार्थाचा रंग बराचसा दिवसाउजेडी दिसतो तसाच दिसतो. गिऱ्हाइकाचा तो हक्क आहे. आणि दिवा काचेच्या कपाटाच्या आत, बर्फीच्या डोक्यावर लावू नये. ऊब लागून तूप सुटतं.

पुण्यात एका पेठेत केलेल्या दुकानाबद्दल जरा सविस्तर सांगते. दहा बाय अठराचा गाळा. मेतकूट, भाजणी, चकली, चिवडा, लाडू, उन्हाळ्यात पापड-सांडगे. चालवणाऱ्या काकू साठीच्या पुढच्या, सोबत मुलगा आणि सून. काकूंनी हा व्यवसाय स्वयंपाकघरातल्या ओट्यावरून सुरू केलेला. मुलाला दुकान 'आजचं' दिसायला हवं होतं. काकूंना फक्त गुडघे दुखू नयेत एवढंच हवं होतं. मला दोन्ही मागण्या एकच वाटल्या.

आम्ही चित्र काढायच्या आधी आठवडाभर नुसतं बघितलं. कुठली बरणी दिवसातून कितीदा उतरते, काकू कुठल्या वस्तूसाठी स्टुलावर चढतात, सून किती वेळा वळते. मग मालाचे तीन ढीग केले: रोजचा, आठवड्याचा, सणाचा. रोजचा माल कमरेपासून खांद्यापर्यंतच्या फळ्यांवर. आठवड्याचा त्याच्या खाली, ओढायच्या कप्प्यांत. सणाचा वर आणि मागे. एवढं केल्यावर अर्ध्या वस्तू आपोआप दिसेनाशा झाल्या. कोल्ड्रिंक कंपनीचा लाल फ्रिज काकूंनीच परत पाठवला, "आपल्याकडे कोण येतं गं त्यासाठी?" म्हणून. गणपतीची तसबीर राहिली. भिंतीत तिच्यासाठी कोनाडा केला आणि समई-उदबत्तीसाठी खाली कडप्प्याचा लहान तुकडा बसवला, म्हणजे काजळी धुता येते. देव काढून दुकान मोकळं करा असं सांगणारे सल्लागार मला भेटले आहेत. मला ते पटत नाही. ज्यांचं दुकान आहे त्यांची सकाळ तिथून सुरू होते.

पूर्वी काचेचं कपाट पार उंच होतं. काकू पलीकडे उभ्या राहिल्या की चष्मा आणि कपाळ तेवढं दिसायचं. काउंटर चौतीस इंचांवर आणलं, पांढऱ्या संगमरवराचं. भाजणी तोलताना काटा गिऱ्हाइकाकडे तोंड करून. चमच्याने मेतकूट कागदावर घेतलं की हिंग-मेथीचा वास सरळ समोरच्याच्या नाकाशी येतो. संगमरवरावर हळदीचे डाग पडतात, पडलेच. मुलगा हळहळला, तर काकू म्हणाल्या, "अरे, हळदीचाच डाग आहे, राहू दे."

खरी वादावादी झाली ती एका फळीवरून. दारातून आत येताच डाव्या हाताला, तीस इंच उंचीवर, पाच फूट लांब अशी एक फळी मी पूर्ण रिकामी ठेवली होती. मुलाने टेप लावून मोजली. "ताई, एवढी जागा मोकळी? भाडं भरतो आम्ही तिचं. इथे चिवड्याची पाकिटं लागतील की." त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पेठेत फुटाफुटाला पैसे पडतात. मी म्हटलं, ही फळी गिऱ्हाइकाची आहे. मंडईतून येणाऱ्या बाईच्या दोन्ही हातांत पिशव्या असतात, खांद्याला पर्स, कधी कडेवर मूल. तिने पैसे काढायचे कुठून? पिशवी टेकवायला जागा मिळाली की ती सैल होते, श्वास घेते, आणि मग तिला आठवतं की अरे, उपासाची भाजणीही हवी होती. दुकान उघडलं त्या संध्याकाळी पहिल्याच आजींनी भाजीची पिशवी त्या फळीवर ठेवली आणि तिथेच हात टेकून उभ्या राहिल्या. मुलगा माझ्याकडे बघून हसला. त्याने नंतर फळी भरली नाही.

मोकळ्या जागेचं मला एवढंच कळलंय. ती कुणासाठी आहे ते सांगता आलं पाहिजे. पिशवीसाठी, गुडघ्यासाठी, खुर्ची मागे ढकलण्यासाठी, परात घेऊन वळण्यासाठी. काउंटरच्या आतल्या बाजूला तर हे फारच जपावं लागतं. कितीतरी सुंदर दुकानांत बाहेर आठ फूट ऐसपैस आणि आत दोन माणसं एकमेकांना घासत उभी. बारा तास काम करणाऱ्या मुलींना बसायला स्टूल नाही, चपला-डबा-दुपट्टा ठेवायला कोनाडा नाही. त्यांच्या वस्तू मग गल्ल्याखाली कोंबल्या जातात. मी जागेचा साधारण तिसरा हिस्सा साठवण आणि कामाच्या माणसांना देते, आणि मालक कुरकुरला तरी त्यावरून मागे येत नाही.

दुसरी गोष्ट, जिच्यावर मी भांडते, ती म्हणजे दराची पाटी. शांततेच्या नावाखाली ती सर्रास गायब होते. भाव फोनवर कोड स्कॅन करून बघा, किंवा काउंटरवरच्या मुलाला विचारा. जिच्या हातात शंभराची एकच नोट आहे ती बाई विचारत नाही, दारातूनच मागे फिरते. काकूंच्या दुकानात दरफलक दारातून वाचता येईल असा लावला, पेंटरच्या हातचा, मराठीत, ठसठशीत अक्षरांत. पाटी रंगवणारे पेंटर आता कमी उरलेत, पण शोधले तर मिळतात आणि त्यांच्या अक्षराला जे अंग असतं ते छापलेल्या फ्लेक्सला नसतं. बाहेरच्या नावाच्या पाटीचंही तेच. २०२२ च्या दुरुस्तीनंतर राज्यात छोट्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, आणि मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत असा नियम आहे. काही डिझायनर मंडळींना हे संकट वाटतं, देवनागरीने 'स्वच्छ' रचना बिघडते म्हणे. शिरोरेषेसारखी सरळ, भक्कम आडवी रेघ आपल्या लिपीतच बांधलेली असताना आणखी कुठली स्वच्छ रेघ शोधायची?

सुट्या मिठाईच्या ट्रेवर 'अमुक तारखेपर्यंत खावे' हे लिहिणं १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक आहे. बहुतेक ठिकाणी त्या चिठ्ठ्या चिकटपट्टीने कुठेतरी डकवलेल्या असतात, कडा काळ्या पडलेल्या. काकूंच्या सुनेने त्यासाठी स्टीलच्या लहान पट्ट्या करून घेतल्या, ट्रेच्या काठावर अडकणाऱ्या. रोज सकाळी ती त्यांवर पेन्सिलने तारीख घालते, संध्याकाळी ओल्या फडक्याने पुसते. अख्ख्या दुकानात मला सगळ्यात जास्त आवडलेली वस्तू ती, आणि ती माझी नाही.

दिवाळीच्या आधीचे दोन आठवडे ही सगळी मांडणी पणाला लागते. रांग रस्त्यावर जाते, फराळाचे पुडे छातीपर्यंत चढतात, ऑर्डरच्या चिठ्ठ्या खिळ्याला टोचून टोचून खिळा दिसेनासा होतो. तेव्हा शांतता मागू नये. फक्त सोय असावी. रस्त्याकडच्या बाजूला एक घडीची फळी केली आहे, ती खाली पाडली की आगाऊ सांगितलेले डबे तिथून परस्पर देता येतात, आतली गर्दी अर्धी होते. डाव्या हाताची रिकामी फळी तेवढे दिवस नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या पुड्यांनी भरते, आणि भाऊबीज झाली की पुन्हा पिशव्यांसाठी मोकळी होते.

सध्या आमचा वाद दारावरून आहे. मुलाला काचेचं दार आणि एसी हवा आहे. समोरचा रस्ता महिनोन्‌महिने खणलेला, धूळ लाडवांवर बसते, त्याचं दुखणं खरं आहे. काकूंचं म्हणणं, दार लावलं की भाजणी भाजल्याचा वास बाहेर जाणार नाही आणि निम्मी गिऱ्हाइकं तर वासावरच येतात. शिवाय काचेचं दार ढकलून आत यायला म्हातारी माणसं संकोचतात. मी काकूंच्या बाजूने आहे, पण धुळीचं उत्तर मलाही द्यावंच लागेल. लाडवांच्या परातींवर उचलती काचेची झाकणं करायची, भाजणीचा झरोका रस्त्याकडे वळवायचा आणि दार आहे तसंच उघडं ठेवायचं, असं कागदावर तरी जमतंय. सुतार काल मापं घेऊन गेलाय.